संशोधनापासून कंपनीपर्यंत : प्राध्यापक-उद्योजकासाठी बी-स्कूलने नेमके काय करायचे

बहुतेक व्यवस्थापन संस्थांमध्ये, म्हणजे बी-स्कूलमध्ये, ई-सेल (उद्योजकता कक्ष) असतो, वर्षातून एकदा धंद्याची कल्पना मांडण्याची पिच स्पर्धा होते, विजेत्याला पुठ्ठ्याचा मोठा चेक मिळतो. विद्यार्थ्यांच्या उद्योजकतेसाठी हे ठीक आहे. पण त्याच आवारात रसायनशास्त्र विभागात वर्षानुवर्षे एका उत्प्रेरकावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला, किंवा पीएचडी संपवत आलेल्या संशोधिकेला, त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्यांना कल्पना हवी नसते, ती त्यांच्याकडे असते. त्यांच्या अडचणी वेगळ्या : शोधाची मालकी बहुधा संस्थेची असते, हातात पक्की नोकरी असते, वस्तू तयार व्हायला अजून काही वर्षे असतात आणि ती पैसे मोजून कोण घेणार हे कोणालाच ठाऊक नसते.

हा लेख ज्या व्यवस्थापन विभागांना आणि संस्थांना या चार अडचणींवर काम करायचे आहे त्यांच्यासाठी आहे. आमचे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : बी-स्कूलची खरी गरज कंपनी नोंदवण्याच्या आधी असते. नंतर सल्ला द्यायला सीए, वकील, नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणारे इन्क्युबेटर सगळे असतात. आधीच्या वर्षभरात मात्र संशोधकाच्या बाजूला कोणीच नसते. त्या वर्षात ‘कंपनी काढू नका, तंत्रज्ञान वापरण्याचा परवाना दुसऱ्या कंपनीला द्या’ एवढे जरी पुराव्यानिशी सांगता आले, तरी पुढची पाच वर्षे वाचतात.

आधी घरचे नियम

तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २०१९ मध्ये विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरण आणले. ते मार्गदर्शक स्वरूपाचे आहे. संस्थेच्या नियामक मंडळाने ठराव करून स्वीकारले तरच त्याला वजन येते. म्हणून पहिले काम म्हणजे आपल्या संस्थेचा असा ठराव आहे का, आणि असल्यास त्यात मूळ धोरणातले काय ठेवले, काय गाळले, हे पाहणे.

मूळ धोरणातल्या काही तरतुदी पाठ हव्यात. प्राध्यापकाने कंपनीत किती समभाग घ्यावेत यावर बंधन नाही, पण नोकरीत राहून कंपनीला द्यायचा वेळ कामाच्या वेळेच्या २० टक्क्यांपर्यंतच, आणि तोही सल्लागार म्हणून. कंपनीत कार्यकारी पद तीन महिन्यांहून जास्त काळ सांभाळायचे असेल तर रजेवर जावे लागते, मग ती अभ्यासरजा असो, अर्जित किंवा बिनपगारी. कंपनीत संस्थेचा हिस्सा २ ते ९.५ टक्के. पूर्ण पगारावरच्या प्राध्यापकाकडे समभाग असतील तर संस्थेने त्याच्या हिश्शाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त मागू नये, आणि तेही ९.५ च्या आतच. संस्थेची साधने न वापरता, कामाच्या वेळेबाहेर केलेला शोध शोधकाचा. शिवाय वार्षिक अंदाजपत्रकातला किमान १ टक्का रक्कम नवोपक्रमासाठी राखून ठेवावी असेही त्यात म्हटले आहे.

नुसता ठराव मात्र पुरत नाही. धोरण जसेच्या तसे संकेतस्थळावर चढवलेले असते, पण प्राध्यापकाचा परवानगी अर्ज कोणाच्या टेबलावर जायचा, सही कोणाची आणि किती दिवसांत, हे कुठेच लिहिलेले नसते. अर्ज आस्थापना विभागात जातो, तिथला लिपिक सेवानियम काढतो आणि फाइल झोपते. बी-स्कूलने इथे एक पानाची कार्यपद्धती लिहून मंजूर करून घ्यावी : अर्जाचा नमुना, सही करणारा एकच अधिकारी, ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना इथे एक सोय आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य संचालक हे पदच निर्माण केलेले आहे. सहीचा अधिकार तिथे सोपवून घ्यावा आणि व्यवस्थापन विभागाने त्या कार्यालयाचे मनुष्यबळ व्हावे. समांतर नवे केंद्र काढण्याच्या फंदात पडू नये.

प्रयोगशाळांची फेरी

‘आपल्याकडे व्यावसायिक क्षमता असलेले संशोधन असल्यास खालील फॉर्म भरावा’ असा ईमेल पाठवू नका. उत्तर देणारे नेहमीचेच चार उत्साही असतात. ज्याच्याकडे खरोखर काही आहे त्याला ते विकण्याजोगे आहे याचीच कल्पना नसते. प्रयोगशाळेत स्वतः जावे लागते.

एक प्राध्यापक आणि एक पूर्णवेळ समन्वयक, सहा ते आठ आठवडे, पंधरा-वीस प्रयोगशाळा. प्रत्येक ठिकाणी तासभर. निघताना हातात एक पान हवे, आणि त्यावर इतकेच :

१. हे काय करते, आणि आज त्या जागी लोक काय वापरतात?
२. किती प्रमाणावर सिद्ध झाले आहे? मिलिग्रॅम की किलो, एक नमुना की शंभर?
३. निधी कोणाचा होता? सरकारी प्रकल्प, कंपनीचा प्रायोजित प्रकल्प की विभागाचा खर्च?
४. प्रत्यक्ष शोध कोणाकोणाचा आहे?
५. काय छापून आले आहे, काय छापायला गेले आहे, कुठल्या परिषदेत सांगितले आहे?

तिसरा प्रश्न लोक घाईत सोडतात आणि नंतर पस्तावतात. प्रायोजित प्रकल्पाच्या करारात ‘निष्पन्न बौद्धिक संपदा प्रायोजकाची’ असे कलम असेल तर पुढचे सगळे व्यर्थ. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधांवर विद्यापीठांना हक्क दिला. आपल्याकडे तसा कायदा झालेला नाही, त्यामुळे निधी देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेची अट वेगळी वाचावी लागते. संशोधन भारतातल्या वनस्पती, सूक्ष्मजीव किंवा अन्य जैवसंपदेवर असेल तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय येतो. पेटंट मिळण्याच्या तोंडावर तो कळला तर गाडी तिथेच अडकते.

तंत्रज्ञान किती पिकले आहे हे मोजायला नासाची १ ते ९ अशी सिद्धतेची पातळी वापरली जाते. विद्यापीठातले बहुतेक संशोधन ३ किंवा ४ वर असते, म्हणजे प्रयोगशाळेत चालते, बाहेर कोणी पाहिलेले नाही. तीनच्या खाली असेल तर त्या संशोधकाला यंदा वेळ द्यायला लावू नका. तसे स्पष्ट सांगितलेले बहुतेकांना आवडते. वीस पानांतून तीन-चार कामे पुढे नेण्याजोगी निघाली तर फेरी चांगली झाली म्हणायचे.

पेटंटचे कॅलेंडर आणि प्रबंधाची घाई

बी-स्कूलने पेटंट लिहायचे नसते, ते पेटंट एजंटचे काम. पण तारखा सांभाळणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, आणि नुकसान होते ते बहुतेक वेळा तारखांमुळेच.

शोधनिबंध छापून आला की पेटंटला लागणारे नावीन्य गेले. भारतीय कायद्यातली सवलत फार अरुंद आहे. ठरावीक प्रदर्शने आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले निबंध यांपुरती ती आहे, सर्वसाधारण जर्नलमधल्या लेखाला तिचे कवच मिळेल असे धरून चालू नका. पीएचडी करणाऱ्यांसाठी सापळा आणखी जवळचा आहे : खुली मौखिक परीक्षा आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर, चढणारा प्रबंध. म्हणून क्रम असा ठेवा : आधी तात्पुरत्या तपशिलासह पेटंट अर्ज, मग निबंध पाठवणे, मग प्रबंध. प्रबंध काही काळ खुला करू नये अशी विनंती विद्यापीठाकडे करता येते, पण ती सादरीकरणाच्या आधी करायची.

तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, आणि परदेशातला किंवा पीसीटी (अनेक देशांसाठी एकत्रित) अर्जही त्याच १२ महिन्यांत करायचा. अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांसाठी परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत करावी लागते, पूर्वी ४८ होते. जुन्या तक्त्यावर विसंबलेली कार्यालये अजून आहेत. आधी परदेशात अर्ज करायचा असेल तर भारतीय पेटंट कार्यालयाची लेखी परवानगी लागते, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचे. परदेशी सहसंशोधक असला की हे कलम हमखास विसरले जाते. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे. ऑनलाइन मूळ अर्ज १,६०० रुपयांत होतो. खरा खर्च एजंटच्या मसुद्याचा आणि पुढे परदेशी अर्जांचा.

पहिले १२ महिने हेच बी-स्कूलचे कामाचे वर्ष. त्यात ग्राहक सापडला तर परदेशी अर्जांवर पैसा घाला, नाही सापडला तर घालू नका. सरसकट पाच देशांत अर्ज करणारी संस्था दोन वर्षांनी सगळेच सोडून देते, कारण नूतनीकरणाची बिले येऊ लागतात.

टीम कशी जुळवायची

जगात या कामाचे तीन नमुने चांगले रुळले आहेत. अटलांटातल्या जॉर्जिया टेकच्या टायगर या अभ्यासक्रमाने पीएचडी, एमबीए आणि एमरी विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी एकत्र बसवले. विषय त्या पीएचडीचाच प्रबंध. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ मध्ये आय-कोअर सुरू केले : तिघांची टीम, सात आठवडे, किमान शंभर संभाव्य ग्राहकांशी बोलणे, ५० हजार डॉलर. आयआयटी मद्रासच्या गोपालकृष्णन-देशपांडे केंद्राचा आय-एनक्युबेट हा कार्यक्रम याच वळणावर बेतलेला आहे. तिसरा टोरोंटो विद्यापीठाच्या रॉटमन स्कूल ऑफ मॅनेजमेंटमधला, अजय अगरवाल यांनी २०१२ मध्ये उभारलेला क्रिएटिव्ह डिस्ट्रक्शन लॅब. तिथे साधारण दर आठ आठवड्यांनी अनुभवी उद्योजक बसतात, प्रत्येक कंपनीला पुढच्या टप्प्यासाठी तीन उद्दिष्टे देतात, आणि ज्या कंपनीसाठी कोणीही स्वतःचा वेळ द्यायला हात वर करत नाही ती बाहेर पडते. एमबीएचे विद्यार्थी या कंपन्यांसोबत काम करतात, त्याचे क्रेडिट मिळते. लॅब कंपनीत हिस्सा घेत नाही.

तिन्हींतले उचलण्याजोगे एकच : संशोधक, व्यवस्थापनाचा विद्यार्थी आणि उद्योगातला माणूस एकाच प्रश्नावर ठरावीक आठवडे बांधलेले असतात. आपल्याकडे हे मोडते ते एमबीएच्या वेळापत्रकामुळे. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी ऑगस्टपासून प्लेसमेंटच्या मागे असतात. ते टीममध्ये नाव देतात आणि सप्टेंबरमध्ये गायब होतात. म्हणून पहिल्या वर्षाचे घ्या, जानेवारीत जोडा, उन्हाळी इंटर्नशिपचे आठ आठवडे याच कामाला द्या आणि कंपन्या देतात त्याच्या जवळपास मानधन द्या. फुकट इंटर्नशिपला चांगला विद्यार्थी येणार नाही.

त्याहूनही चांगला स्रोत बहुतेक संस्था विसरतात : एक्झिक्युटिव्ह एमबीए. शनिवार-रविवारी वर्गात बसणाऱ्यांमध्ये चाकणच्या कारखान्यातला खरेदी व्यवस्थापक असतो, औषध कंपनीत पंधरा वर्षे नियामक मंजुऱ्या हाताळलेली बाई असते, रुग्णालयाचा प्रशासक असतो. त्यांना दार उघडून घेता येते. शेवटचा (कॅपस्टोन) प्रकल्प म्हणून ‘भारतातील ई-कॉमर्सचा अभ्यास’ लिहून घेण्याऐवजी त्यांना शेजारच्या प्रयोगशाळेचा प्रश्न द्या. फक्त त्यांच्या नोकरीच्या करारात गुप्ततेचे आणि हितसंबंधांचे काय कलम आहे ते आधी विचारा, आणि तुमच्या बाजूने गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.

साठ मुलाखती

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बारा आठवडे, एका टीमला किमान साठ संभाषणे. पहिली दहा वायाच जातात असे धरा, प्रश्न विचारायचे कसे हे त्यात कळते. दोघांनी जायचे : एकाने विचारायचे, दुसऱ्याने टिपायचे, टिपणे त्याच दिवशी पूर्ण करायची. निम्म्या मुलाखतींना संशोधक स्वतः हवा. तो नसला की एमबीएची मुले सुबक अहवाल देतात, संशोधक तो वाचतो, ‘यांना तंत्रज्ञान कळलेले नाही’ म्हणतो आणि कपाटात ठेवतो. खरेदीदाराने तोंडावर ‘नको’ म्हटलेले त्याने स्वतः ऐकले पाहिजे.

एक उदाहरण रचून पाहू. समजा सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने दुधातली भेसळ पाच मिनिटांत दाखवणारी कागदी पट्टी बनवली, पाच रुपयांची. प्रयोगशाळेतला हिशेब असा असतो : राज्यात इतके दूध, इतके शेतकरी, म्हणजे इतक्या कोटींची बाजारपेठ. आता संकलन केंद्रावर उभे राहा. ऐंशी दूध घालणारे, सकाळ-संध्याकाळ मिळून १६० नमुने. दर नमुन्याला एक पट्टी म्हणजे दिवसाला ८०० रुपये, महिन्याला २४ हजार. केंद्रचालक हा खर्च स्वतः करणार नाही. त्याहून मोठी अडचण पाच मिनिटांची आहे. रांगेतल्या माणसाचे दूध मापून, फॅट लावून, पावती हातात पडायला काही सेकंद लागतात. प्रत्येकी पाच मिनिटे थांबायचे म्हटले तर रांग रस्त्यावर येईल. मग पट्टी कॅनला लावायची. दोन्ही वेळचे मिळून वीस कॅन, शंभर रुपये. इथे हिशेब बसतो, पण भेसळ नेमकी कोणाची हे कळत नाही, आणि कॅन नाकारायचा अधिकार केंद्राकडे आहे की दूधसंघाकडे हा प्रश्न उभा राहतो. टँकरवर जावे तर प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत आधीच तपासणी यंत्र असते. म्हणजे पट्टीची स्पर्धा केंद्रावर वेळेशी, प्रकल्पात यंत्राशी आणि मधल्या पायरीवर संघाच्या धोरणाशी आहे. विभागाला आता संवेदनशीलता दुप्पट करायची नाही, पाच मिनिटांचे चाळीस सेकंद करायचे आहेत. प्रयोगशाळेत बसून हे सुचणे अशक्य होते.

प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल विचारा. ‘अशी पट्टी मिळाली तर घ्याल का?’ याला आपल्याकडे कोणीही हो म्हणतो, पाहुण्याला नाही कसे म्हणायचे? त्याऐवजी : गेल्या महिन्यात किती कॅन परत गेले? कोणी ठरवले? नुकसान कोणाच्या खात्यात पडले? त्यावर आजवर काय करून पाहिले, किती खर्च आला? नवी वस्तू शेवटची कधी घेतली, तिच्या बिलावर सही कोणाची होती? वापरणारा, ठरवणारा आणि पैसे देणारा हे बहुतेकदा तीन वेगळे लोक असतात. त्यांची नावे आणि हुद्दे वेगळ्या रकान्यांत लिहा. पहिल्या पंधरा मुलाखतींत नमुना दाखवूच नका. दाखवला की बोलणे त्याच्या रंगावर आणि आकारावर येते.

साठ लोक मिळवायचे कसे? संस्थेच्या लेटरहेडवर संचालकांच्या सहीचे पत्र, माजी विद्यार्थ्यांची यादी, पुण्यात मराठा चेंबर ही उद्योगांची संघटना, इतरत्र त्या-त्या एमआयडीसीची उद्योजक संघटना. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी ‘आणखी कोणाशी बोलू?’ हे विचारायचेच. इतर प्राध्यापकांच्या मुलाखती साठात धरू नका. हा मोह फार असतो, कारण ते कॉरिडॉरमध्येच भेटतात.

फाटा : परवाना, कंपनी की परत प्रयोगशाळा

चौदाव्या आठवड्यात बैठक. या तीन पर्यायांपैकी एक निर्णय, आणि तो लिहून.

तंत्रज्ञान एखाद्या चालू प्रक्रियेतली एकच पायरी सुधारत असेल, खरेदीदार मोजके आणि मोठे असतील, उत्पादनाला कोट्यवधींचा प्रकल्प लागणार असेल आणि पूर्णवेळ उतरायला कोणी तयार नसेल, तर परवाना द्या. उत्प्रेरक, रंगद्रव्ये, प्रक्रियेतले बदल बहुधा या गटात येतात. त्याच वस्तूचे दोन-तीन उपयोग असतील, आज ती कोणीच विकत नसेल, ग्राहकाच्या जागी राहून सुधारत न्यायची असेल आणि निदान एक माणूस नोकरीइतका वेळ द्यायला तयार असेल, तर कंपनी. आयआयटी मुंबईतून २००७ मध्ये निघालेली सेडेमॅक हे या दुसऱ्या गटाचे ठळक उदाहरण आहे. प्राध्यापक शशिकांत सूर्यनारायणन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इंजिन नियंत्रणाचे काम कंपनीत नेले, तिथल्याच साइन या इन्क्युबेटरमध्ये ती रुजली आणि पुण्यात वाढली. इंजिन बनवणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय नियंत्रक तयार होत नाही, असल्या वस्तूचा परवाना कागदावर देऊन भागले नसते.

औषध आणि उपचारपद्धतीत आणखी एक अट जोडली जाते : रुग्णालयाची भागीदारी. इम्युनोॲक्ट ही आयआयटी मुंबईतून २०१८ मध्ये स्थापन झालेली कंपनी. प्राध्यापक राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेतले काम आणि टाटा मेमोरियल केंद्रातल्या चाचण्या यांतून नेक्सकार१९ या सीएआर-टी उपचाराला (रुग्णाच्याच पेशी बदलून कर्करोगावर केलेला उपचार) ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मंजुरी मिळाली. अशा कामात बी-स्कूलने ‘बाजारपेठेचा आकार’ मोजत बसू नये. चाचण्यांचा खर्च, नियामकाचे टप्पे आणि त्यांना लागणारी वर्षे यांचा तक्ता करून द्यावा. संशोधकाला तोच हवा असतो.

परत प्रयोगशाळेत पाठवणे म्हणजे नापास करणे नव्हे. मुलाखतींनी मापदंड बदलला असेल तर नवा मापदंड आकड्यांत लिहून द्या आणि सहा महिन्यांनी भेटा.

करार आणि समभाग

कंपनी नोंदवण्याआधी संस्थेकडून सहा ते बारा महिन्यांचा ऑप्शन करार घ्या : या काळात संस्था हे तंत्रज्ञान दुसऱ्या कोणाला देणार नाही. मग कंपनी, मग परवाना. परवान्यात एकाधिकार कोणत्या उपयोगापुरता, पेटंटचा खर्च कोण करणार, पुढच्या सुधारणांवर हक्क कोणाचा, संशोधकाला निबंध छापायची मुभा किती दिवसांच्या पूर्वसूचनेने आणि ठरलेल्या तारखेपर्यंत विक्री किंवा चाचणी झाली नाही तर हक्क संस्थेकडे परत कसे येणार, हे हवेच. शेवटचे कलम नसले की मृत कंपनीच्या ताब्यात जिवंत तंत्रज्ञान अडकते.

आपल्याकडचा नेहमीचा हट्ट म्हणजे हस्तांतरण शुल्क आधी. बँकेत एक लाख भांडवल असलेल्या स्वतःच्याच प्राध्यापकाच्या कंपनीकडे दहा लाख मागितले जातात. लेखापरीक्षक खूश होतो, कंपनी सुरूच होत नाही. शुल्क पहिल्या गुंतवणुकीनंतर किंवा पहिल्या विक्रीनंतर घ्या, आणि रॉयल्टी निव्वळ विक्रीवर ठेवा. समभाग घेत असाल तर रॉयल्टी हलकी ठेवा.

समभागांची एक वाजवी मांडणी : नोकरीत राहणारा प्राध्यापक ३०, पूर्णवेळ मुख्याधिकारी ३४, पूर्णवेळ उतरणारी पीएचडी संशोधिका २०, कर्मचाऱ्यांसाठी राखीव १०, संस्था ६. प्राध्यापकाच्या ३० चे २० टक्के म्हणजे ६, धोरणात बसते. आपल्याकडे ‘सरांचे ७०’ ही चाल आहे. पूर्णवेळ काम करणाऱ्यांकडे फारसे काही नाही हे पाहून पहिलाच गुंतवणूकदार पाय मागे घेतो. सगळ्यांचे समभाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के व्हावेत, पहिला टप्पा वर्ष पूर्ण झाल्यावर. सहा महिन्यांत परदेशी पोस्ट-डॉकला गेलेल्या माणसाकडे २० टक्के राहून जाणे, हा प्रकार यानेच टळतो.

आणि एक उघड गुपित : परवानगीच्या कटकटीपायी कंपनी पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने काढली जाते. गुंतवणूकदाराच्या पडताळणीत ते बाहेर येतेच, आणि मग संस्थेच्या मालकीचे तंत्रज्ञान कोणत्या अधिकाराने वापरले याचे उत्तर नसते. घरच्या नियमांत ३० दिवसांची मुदत घालायला सांगितली ती यासाठी.

माणूस आणि पैसा

मुख्याधिकारी शोधणे हे बी-स्कूलचे सर्वांत कठीण काम आणि सर्वांत उपयोगाचेही. दहा-पंधरा वर्षे नोकरी झालेला माजी विद्यार्थी आधी सल्लागार म्हणून तीन महिने आणा, महिन्यातून दोन दिवस. पटले तर पुढे. संशोधकाशी त्याचे जमते का, हे बायोडेटावरून कळत नाही. तरुण पदवीधर किंवा पीएचडी झालेला उतरणार असेल तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या निधी-ईआयआर योजनेतून महिना ३० हजार रुपयांपर्यंत निर्वाहवेतन वर्षभर मिळू शकते. भाडे भरण्याची सोय झाली की निर्णय सोपा होतो.

पैशाचा क्रम वस्तूच्या अवस्थेप्रमाणे ठेवा. नमुना बनवायचा आहे : त्याच विभागाची निधी-प्रयास योजना, १० लाखांपर्यंत. जैवतंत्रज्ञान आहे : केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचे बिग अनुदान, १८ महिन्यांत ५० लाखांपर्यंत. कंपनी नोंदली आहे आणि चाचणी करायची आहे : २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाच्या रचनेत सिद्धतेसाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा पुढे समभागांत बदलता येणारे साधन. हा पैसा मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमार्फतच येतो. स्वतःचा इन्क्युबेटर नसेल तर उभारू नका, शेजारच्याशी करार करा. आयआयटी मुंबईचे साइन २००४ पासून, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर २००७ पासून, नागपुरात आयआयएमचे इन्फेड. रसायने आणि जैविक नमुने हाताळायच्या (वेट) प्रयोगशाळा, उपकरणे, पेटंट सेवा तिथे आहेत, व्यवस्थापन विभागाने त्या पुन्हा विकत घेऊ नयेत. योजनांच्या मुदती आणि रकमा बदलतात, अर्ज भरण्याच्या आठवड्यात नियम पुन्हा वाचा. अर्जाचा तांत्रिक भाग संशोधक लिहील. टप्पे, अंदाजपत्रक आणि ‘हे कोण विकत घेईल’ हा भाग मुलाखतींच्या वहीतून एमबीएची टीम लिहील. परीक्षकांना या शेवटच्या भागात खऱ्या ग्राहकांचा तपशील क्वचितच दिसतो, त्यामुळे असा अर्ज लगेच नजरेत भरतो.

प्राध्यापकाचा वेळ, विद्यार्थ्याचे श्रम

कंपनी सुरू झाली की दोन गळत्या लागतात. पहिली प्रयोगशाळेतून : सरकारी प्रकल्पाच्या पैशावर नेमलेला विद्यार्थी कंपनीचे नमुने तपासत बसतो. दुसरी विद्यार्थ्याच्या प्रबंधाला : कंपनीसाठी गुप्त ठेवायचे म्हणून निबंध थांबतो आणि पीएचडी लांबते. उपाय रूक्ष आहेत पण चालतात. प्राध्यापकाच्या कंपनीत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला विभागातला दुसरा सहमार्गदर्शक द्या. उपकरणांचा वापर नोंदवहीत तासांनिशी लिहा आणि कंपनीला बाहेरच्या दराने, हवे तर सवलतीच्या, बिल द्या. वर्षातून एकदा हितसंबंधांचे घोषणापत्र. त्याची छाननी त्याच विभागातल्या कोणी करू नये.

खर्च आणि मोजमाप

वर्षाला सहा टीम धरल्या तर पूर्णवेळ समन्वयकाचा पगार ८ ते १० लाख, प्रत्येक टीमच्या प्रवास-मुलाखतींना ४० हजार म्हणजे २ लाख ४० हजार, विद्यार्थ्यांचे मानधन, एजंटच्या मसुद्यांचे पैसे आणि थोडी राखीव रक्कम, असे वीस लाखांच्या आतबाहेर काम होते. एका भपकेबाज उद्योजकता परिषदेचा खर्च याच्या फार खाली नसतो. समन्वयक कंत्राटी असेल तर निदान तीन वर्षांचा करार करा. दरवर्षी माणूस बदलला की प्रयोगशाळांशी जुळलेली ओळख शून्यावर येते.

मोजताना नॅकच्या (संस्थांच्या मूल्यांकनाच्या) फाइलला नोंदलेल्या कंपन्या आणि दाखल पेटंटे लागतील, ती द्या. पण आतल्या बैठकीत वेगळे आकडे ठेवा : किती संशोधकांनी ग्राहक प्रत्यक्ष पाहिला, किती टीमचा मापदंड मुलाखतींनंतर बदलला, किती परवाने सहीपर्यंत पोचले, परवानगीच्या अर्जाला सरासरी किती दिवस लागले, आणि दोन वर्षांनी किती कंपन्यांत निदान एक पूर्णवेळ पगारी माणूस आहे. कंपनी काढायची नाही असा निर्णय ज्यांनी घेतला त्यांची नोंद वेगळी ठेवा, त्यांच्या मुलाखतींच्या वह्यांसकट. त्याच दूधसंघाच्या किंवा त्याच रुग्णालयाच्या दारात पुढच्या वर्षीची टीम जाणार असते, आणि बिलावर सही कोणाची असते हे तिला पहिल्याच दिवशी माहीत असायला हरकत नाही.